टोपी कुणाची, हात कुणाचे?

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



सकाळच्या सत्रात पोटगी आणि घरातली मारहाण यांवर चर्चा झाली. आता दुपारी नमदा, पोशाख आणि टोप्या या विषयावर भाषण आहे म्हटल्यावर काहीजणींना वाटलं असेल, की जेवणानंतर जरा हलकंफुलकं ठेवलेलं दिसतंय. तसं नाही. लोकर, कापड, शिवण, टोपी ही बायकांच्या कष्टांची फार जुनी जागा आहे, आणि तिथे हे कष्ट हिशेबातून फार सहज गळतात. कारण तिथे कष्टांना कष्ट म्हणतच नाहीत. हौस म्हणतात, रीत म्हणतात, फार झालं तर हस्तकला म्हणतात.

मी नाटकांच्या कपडेपटात काम करते आणि लोकरीचं कामही करते. पण आज मला माझ्या कामाबद्दल बोलायचं नाही. मी तुमच्यापुढे मुख्यतः एका देशाचं उदाहरण ठेवणार आहे, किर्गिझस्तानचं. तिथे लोकरीचा नमदा, बाईचा शिरपेच आणि पुरुषाची टोपी ही तिन्ही कामं बायका करत आल्या आहेत. गेल्या काही वर्षांत या तिन्हींना जागतिक वारशाचा मान मिळाला. तो मान त्या बायकांपर्यंत कितपत पोचला, हा माझा प्रश्न आहे.

आधी नमदा म्हणजे काय ते बघू. हा तुकडा मी पुढे देते आहे, हातोहात मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. बोटांनी चाचपून पाहा. याला ताणा नाही, बाणा नाही. हे विणलेलं नाही, सूतही काढलेलं नाही. घोड्याच्या खोगिराखाली घालतात तो नमदा आपल्याला ऐकून माहीत असतो. इंग्रजीतून आलेला फेल्ट हा शब्दही आपण वापरतो. तुमच्यापैकी कुणी लोकरीचा स्वेटर चुकून कढत पाण्यात धुतला असेल, तर तो आटून, घट्ट होऊन लहान मुलाच्या मापाचा झालेला पाहिला असेल. नमद्याचं शास्त्र तेवढंच. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि साबण लागला, वरून दाब आणि घासणं मिळालं, की ते तंतू सरकतात आणि एकमेकांत अडकत जातात. एकदा अडकले की पुन्हा सुटत नाहीत. शिवणीची गरज नाही, कडा उसवत नाहीत, वारा आत शिरत नाही. थंड प्रदेशात मेंढपाळ माणसं ज्याच्यावर जगली ते हे कापड.

किती जुनं? १९९३ साली सायबेरियाच्या दक्षिणेला, अल्ताई पर्वतातल्या उकोक पठारावर नतालिया पोलोस्माक या पुरातत्त्वशास्त्रज्ञ बाईंनी एक थडगं उघडलं. बर्फात गोठून राहिल्यामुळे आतलं सगळं जसंच्या तसं होतं. आत सुमारे पंचवीस वर्षांची एक बाई होती, जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीची. अंगात रेशमी सदरा, लोकरीचा घागरा, पायांत मांडीपर्यंत येणारे पांढऱ्या नमद्याचे मोजे. डोक्यावर नमद्याच्या आधारावर उभा केलेला तीन फुटांच्या आसपास उंचीचा शिरपेच. तो मावावा म्हणून शवपेटीही तेवढी लांब केलेली होती. तिच्यासोबत सहा घोडे पुरले होते. आजच्या किर्गिझ बायकांचं या बाईशी थेट नातं जोडायला मी जाणार नाही. पण उंच टोपी हा मानाचा पोशाख एके काळी बाईच्याही डोक्यावर होता, एवढं यातून नक्की कळतं.

आता किर्गिझस्तान. काश्मीरच्या उत्तरेला, पामीर ओलांडून पलीकडे, तियानशान पर्वतांतला हा डोंगराळ देश. पूर्वी सोव्हिएत संघात होता, १९९१ साली स्वतंत्र झाला. लोकसंख्या सुमारे सत्तर लाख. चिंगीझ ऐतमातोव यांच्या कथांमुळे काहीजणींना तो ठाऊक असेल. आज तर आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून मुलंमुली डॉक्टरकी शिकायला बिश्केकला जातात, म्हणजे तो आपल्याला वाटतो तितका लांब राहिलेला नाही.

तिथल्या मेंढपाळांचं घर म्हणजे लाकडी सांगाड्यावर नमदे पांघरून उभारलेलं गोल तंबूघर. हे घर बांधण्याच्या विद्येचा युनेस्कोच्या वारसा-यादीत २०१४ साली समावेश झाला. त्यातली कामाची वाटणी स्पष्ट आहे. लाकडाचा सांगाडा पुरुष करतात. वरचे नमदे, आतली बैठक, गवताच्या चटया, बांधायच्या पट्ट्या, सगळी सजावट बायका करतात. थोडक्यात, घर उभं राहतं पुरुषाच्या कामावर आणि राहण्याजोगं होतं बाईच्या कामावर. पण घर कुणाचं, असं विचारलं तर उत्तर काय येतं ते मी सांगायला नको.

नमदा करायचा कसा ते सांगते, म्हणजे कष्टांचा अंदाज येईल. कातरलेली लोकर चामड्यावर पसरून काठ्यांनी झोडपायची, म्हणजे घाण पडते आणि लोकर फुलते. मग 'चिय' नावाच्या उंच गवताच्या चटईवर ती थराथराने पसरायची. नक्षीचा नमदा असेल तर वर रंगीत लोकरीची नक्षी मांडायची. याला 'आला-कियिझ' म्हणतात. वरून उकळतं पाणी शिंपडायचं. चटईसकट सगळं गुंडाळून दोराने बांधायचं आणि ती गुंडाळी लोळवायची, दोराने ओढायची, पायांनी ढकलायची, तासन्तास. मग उघडून पुन्हा पाणी, पुन्हा गुंडाळी. शेवटी बायका ओळीने गुडघ्यांवर बसतात आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेकवून सगळ्या मिळून ती गुंडाळी पुढेमागे दाबत राहतात. पाठ, गुडघे, मनगटं यांचं काय होत असेल ते भाकरी थापणाऱ्या बाईला समजेल.

हे एकटीचं काम नव्हे. शेजारपाजारच्या बायका जमतात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. या पद्धतीला तिथे 'अशार' म्हणतात. आपल्याकडे शेतीच्या कामात इर्जिक असते तशी. अशारमध्ये गाणी होतात, चहा होतो, सुखदुःखाच्या गोष्टी होतात. मी हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी या परंपरेवर टीका करणार आहे. बायकांना एकत्र बसण्याची, हातांतलं शहाणपण एकमेकींना देण्याची ही जागा होती आणि आहे. ती मोडावी असं मला अजिबात म्हणायचं नाही.

नमद्यावरची सगळ्यांत अवघड कामगिरी म्हणजे 'शिरदाक'. दोन वेगळ्या रंगांचे नमदे एकावर एक ठेवतात आणि खडूने काढलेल्या नक्षीवरून दोन्ही एकदम कापतात. मग तुकड्यांची अदलाबदल करतात. लाल नमद्यातली जागा काळ्या तुकड्याने भरते, काळ्यातली लालने. एका कापणीतून दोन शिरदाक निघतात आणि काही वाया जात नाही. नक्षीत बहुतेकदा एडक्याची शिंगं असतात. सांधे दोरीने झाकतात आणि खाली साधा नमदा लावून, आपण गोधडीला धावदोरा घालतो तसं सगळं टिपून घेतात. एका शिरदाकाला काही महिने जातात. नीट वापरला तर पुढच्या पिढीलाही पुरतो.

हा शिरदाक मुलीच्या लग्नात तिच्याबरोबर सासरी जायचा. आई, आजी, मावशी मुलगी लहान असल्यापासून त्याच्या मागे असत. आपल्या रुखवताची आठवण येते ना? रुखवतात मांडलेलं भरतकाम, विणकाम, मण्यांचं काम बघून पाहुणे म्हणतात, "मुलीच्या हातात कला आहे हो." त्या वाक्यात कौतुक असतं हे खरं. पण ती सासरी किती उपयोगी पडेल याचा अंदाजही असतो. तिच्या कामाची किंमत होते ती तिला देऊन टाकताना.

१९९१ नंतर काय झालं पाहा. सोव्हिएत काळात तिथल्या फिरत्या मेंढपाळांना एका जागी बसवलं होतं. बायका शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या. मेंढपाळी सामुदायिक शेतांकडे गेली. गिरण्यांना बारीक लोकर हवी म्हणून तशा जातीच्या मेंढ्या वाढवल्या. देश स्वतंत्र झाला आणि ही सगळी व्यवस्था एकदम कोसळली. १९९० च्या सुमारास देशात जवळजवळ एक कोटी मेंढ्या होत्या, पाच-सहा वर्षांत त्या निम्म्याहून कमी उरल्या. पगार थांबले. शिकलेल्या, नोकरी गमावलेल्या बायका पुन्हा नमद्याकडे वळल्या. या वेळी रुखवतासाठी नव्हे, बाजारासाठी. घरचे जुने शिरदाकही विकायला निघाले. अडलेल्या बाईकडून माल स्वस्तात घ्यायचा आणि परदेशी पाहुण्याला महाग विकायचा, हा धंदा कुठल्याही देशात शिकवावा लागत नाही.

याच काळात नारीन भागातल्या कोचकोर या गावात बायकांनी 'आल्तिन कोल' नावाची सहकारी संस्था उभी केली. नावाचा अर्थ 'सोन्याचे हात'. सुरुवातीला स्वित्झर्लंडच्या एका विकाससंस्थेची मदत होती. गावोगावच्या घरी बसून काम करणाऱ्या बायकांचा माल एका ठिकाणी आणायचा आणि गिऱ्हाईक थेट तिथे येईल असं पाहायचं, ही त्यामागची कल्पना. आपल्याकडे दूध संघ आणि बचत गट चालवलेल्या बायकांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. एकटी बाई भाव मागते तेव्हा ती घासाघीस ठरते, पन्नासजणींनी मिळून मागितला की तो दर होतो. अशा संस्थांमुळे शिरदाकला पुन्हा बाजार मिळाला.

तरीही २०१२ साली युनेस्कोने शिरदाक आणि आला-कियिझ या दोन्हींची नोंद केली, ती तातडीने जपण्याची गरज असलेल्या वारशाच्या यादीत. कारणंही दिली. करणाऱ्या बायकांची संख्या घटते आहे आणि बहुतेकजणी चाळिशी ओलांडलेल्या आहेत. चांगली लोकर मिळत नाही. स्वस्त कृत्रिम गालिचे बाजारात आले आहेत. तरुण पिढीला रस नाही.

या शेवटच्या कारणापाशी मी थांबते. तरुण मुलींना रस नाही, हे वाक्य आपण आपल्याकडेही कितीदा ऐकतो. पण मुलींच्या बाजूने विचार करा. काही महिने गुडघ्यांवर बसून केलेल्या कामाचे पैसे शहरातल्या दुकानात उभं राहून मिळणाऱ्या पगाराइतकेही नसतील, तर रस कुठून येणार? किर्गिझस्तानातल्या हजारो मुली रशियात मजुरीला जातात. त्यांना परंपरेबद्दल आस्था नाही असं म्हणणं सोपं आहे. त्यांनी हिशेब केला आहे असं म्हणणं जास्त खरं आहे.

आता टोपीकडे येते. किर्गिझ पुरुषाची ओळख म्हणजे 'आक-काल्पाक', पांढऱ्या नमद्याची उंच टोपी. चार पाकळ्या जोडून केलेली, बर्फाच्या शिखरासारखी दिसणारी, कडेने काळी किंवा रंगीत नक्षी. तिचे ऐंशीहून अधिक प्रकार सांगतात. तिच्याविषयी फार आदर आहे. तिथे ५ मार्च हा या टोपीचा दिवस म्हणून साजरा होतो. २०१९ साली युनेस्कोच्या यादीत तिचाही समावेश झाला, आणि त्या नोंदीत साफ म्हटलं आहे, की नमदा करणं, कापणं, शिवणं, नक्षी भरणं ही विद्या त्या समाजातल्या कारागीर बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेली आहे. म्हणजे टोपी पुरुषाची, पुरुषाच्या मानाची, आणि करणारी बाई.

आणि बाईच्या डोक्यावर काय? लग्न झालेल्या किर्गिझ बाईचा जुना शिरपेच म्हणजे 'एलेचेक'. आत टोपी आणि तिच्यावर कितीतरी हात लांब पांढरं कापड गुंडाळायचं. ते कसं गुंडाळलं आहे यावरून बाईचं वय, तिचा भाग, तिचं घराणं कळायचं. मुलगी सासरी निघताना थोरल्या बायका आशीर्वाद देऊन तो पहिल्यांदा बांधत. वाटेत मूल झालं तर त्याच कापडाचं बाळंतं आणि मरण आलं तर त्याचंच कफन, असं सांगतात. वेशभूषा करणारी म्हणून मला तो पोशाख अप्रतिम वाटतो. २०२३ साली युनेस्कोच्या यादीत तोही आला.

पण त्याच देशात बाईच्या डोक्यावर घातलं जाणारं आणखी एक पांढरं कापड आहे. 'आला काचू' म्हणजे मुलगी पळवून आणून तिच्याशी लग्न करण्याची चाल. यात कधी मुलगी आणि मुलगा यांचं आधीच ठरलेलं असतं, पण कितीतरी वेळा ती सरळ जबरदस्ती असते. मुलगी घरात आणली, की मुलाकडच्या थोरल्या बायका तिच्या डोक्यावर पांढरा रुमाल घालायचा प्रयत्न करतात. तिने तो ठेवून घेतला की लग्न मान्य झालं. ती रडते, रुमाल फेकते, पुन्हा घालतात. त्या बायकांपैकी काहीजणी स्वतःही तशाच आणलेल्या असतात. हा कायद्याने गुन्हा आहे, आणि २०१३ साली शिक्षाही बरीच वाढवली. तरी एप्रिल २०२१ मध्ये बिश्केक शहरात भर दिवसा पळवलेल्या एका तरुणीचा खून झाला. पोलिसांनी वेळेवर हालचाल केली नाही म्हणून लोक रस्त्यावर उतरले.

टोपी पुरुषाच्या डोक्यावर चढते तेव्हा तो मोठा होतो. पांढरा रुमाल त्या मुलीच्या डोक्यावर चढतो तेव्हा तिची सुटका संपते. कपड्याला स्वतःचा अर्थ नसतो. तो कुणी घातला, कुणाला घातला, आणि काढून ठेवायची मुभा आहे की नाही, यावर तो ठरतो. आपल्याकडे पदर, मंगळसूत्र, कुंकू यांवर चळवळीत इतकी वर्षं वाद झाले. त्या वादांचा गाभा हाच होता.

यातला सगळ्यांत कडवट प्रसंग ८ मार्च २०२० चा आहे. बिश्केकमध्ये महिला दिनाचा मोर्चा निघणार होता, बायकांवरच्या हिंसेविरुद्ध. मोर्चेकरी जमताच तोंडं झाकलेले पुरुष त्यांच्यावर चालून आले. अंडी फेकली, फलक फाडले, धक्काबुक्की केली. त्यांच्यातल्या काहींच्या डोक्यावर पांढरी काल्पाक होती. पोलीस आले आणि त्यांनी गाडीत भरलं ते मोर्चातल्या बायकांना, साठ-सत्तरजणींना. टोपीचा दिवस ५ मार्चला, बाईचा दिवस ८ मार्चला. युनेस्कोची मोहोर उमटून तीन-चार महिनेच झाले होते. ज्या टोपीची विद्या बायकांनी जपली असं जगाने लिहून दिलं, तीच टोपी घालून परंपरेच्या नावाने बायकांना हुसकावलं गेलं. वस्तूला मिळालेला मान ती करणाऱ्या बाईला आपोआप मिळत नाही, हे याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही.

हे मागासलेल्या समाजांत होतं असं कुणी म्हणेल. म्हणून जरा जर्मनीकडे जाऊ. योझेफ बॉइस हा विसाव्या शतकातला फार गाजलेला कलावंत. नमदा हे त्याचं आवडतं माध्यम. तो सांगायचा, की दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली क्रिमियात त्याचं विमान पडलं, तेव्हा भटक्या तातार लोकांनी त्याला चरबी चोळून, नमद्यात गुंडाळून वाचवलं. पुढे अभ्यासकांनी शोधलं तेव्हा आढळलं, की त्याला जर्मन पथकानेच शोधून लष्करी इस्पितळात नेलं होतं. ते असो. १९७० साली त्याने नमद्याचा कोट-पँट असा जोड करवला, स्वतःच्या सुटाच्या बेतावरून, शंभर प्रतींत. त्याचा नमदा कारखान्यातला, तयार मिळणारा. ते सूट जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत गेले. लंडनच्या टेट संग्रहालयातल्या सुटाला पुढे कसर लागली आणि तो १९९५ साली नष्ट करावा लागला. त्या सुटाची कला म्हणून नोंद होती, निगा होती, नुकसानीचीही नोंद आहे. त्याच काळात डोंगरात बसून कुणी बाई हाताने शिरदाक कापत होती, आणि तिच्या शिरदाकवर तिचं नावही नव्हतं. बॉइसची प्रतिभा मी नाकारत नाही. मी एवढंच विचारते, की एकाच लोकरीला एके ठिकाणी कला आणि दुसरीकडे घरकाम म्हणायचं, हे कुणी ठरवलं?

आता आपल्या घरी येऊ. कोल्हापूरच्या भानू अथैया यांचं नाव तुम्हाला माहीत आहे. १९२९ सालचा जन्म. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या. चित्रकार म्हणून सुरुवात केली, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात १९५३ साली त्यांची चित्रं होती. मग चित्रपटांच्या वेशभूषेकडे वळल्या. 'गांधी' या चित्रपटासाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळालं, ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. २०२० साली त्या गेल्या. वेशभूषा हे डोक्याने करायचं, अभ्यासाचं काम आहे, त्याला नाव आणि मोबदला असतो, हे त्यांनी आपल्या सिनेमात दाखवून दिलं. पण एक अथैया पुढे आल्या म्हणून कपडेपटाच्या मागच्या खोलीत बसून हातशिलाई करणाऱ्या, टिकल्या लावणाऱ्या बायकांचा प्रश्न सुटत नाही. नाटकाच्या पाटीवर वेशभूषाकाराचं नाव येतं. शिवणाऱ्या हातांची पाटी अजून कुठे लागलेली मी पाहिली नाही.

आपली लोकर म्हणजे घोंगडी. धनगराची मेंढी, दख्खनी जात, लोकर काळी आणि जाडीभरडी. लोकर पिंजून सूत कातायचं काम बहुतेक घरांत बायकांचं. मागावर विणायचं काम सनगर विणकरांचं. चिंचोक्याची खळही लावायची असते. घोंगडी विकली जाते तेव्हा भाव विणीचा आणि लोकरीचा होतो. कताईचा वेळ कुणी मोजत नाही, कारण ती मधल्या वेळात, पोराला मांडीवर घेऊन, गुरांमागे चालता चालता झालेली असते. बाईच्या मधल्या वेळाला किंमत नाही, हे सूत्र किर्गिझस्तानात आणि माणदेशात सारखंच आहे.

आणि आज घोंगडीपेक्षा कितीतरी अधिक बायका गल्लीबोळांतल्या घरांत बसून पिको-फॉल, काजं-बटणं, टोप्या शिवणं, भरतकाम अशी कामं करतात. पैसे नगावर किंवा डझनावर. सुई, दोरा, दिव्याचं बिल तिचं. मशीन तिचं, पाठही तिचीच. घरून काम करणारी म्हणून ती कामगार धरलीच जात नाही. इलाबेन भट्ट आणि त्यांची 'सेवा' संघटना यांनी या प्रश्नावर आयुष्य घातलं. या प्रयत्नांतूनच १९९६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरबसल्या कामाविषयीचा करार संमत केला. घरी बसून काम करणाऱ्यांना इतर मजुरांसारखीच वागणूक मिळावी, हे त्याचं सार. भारताने अजून त्याला मंजुरी दिलेली नाही.

मग आपण करायचं काय? हस्तकलेचा गौरव होतो आहे असं दिसलं, की काही साधे प्रश्न विचारायची सवय लावून घेऊ या. लोकर किंवा कापड कुणाच्या मालकीचं? भाव कोण ठरवतं? पैसे कुणाच्या हातात पडतात? वस्तूवर नाव कुणाचं? आणि हे काम किंवा हा पोशाख नको म्हणायची तिला मुभा आहे का? पाचही उत्तरं बाईच्या बाजूने आली तर मनापासून टाळ्या वाजवू. नाही आली तर टाळ्या थोड्या लांबवू आणि आधी ती मिळवायला लागू.

दोन कामं तर आपण लगेच हाती घेऊ शकतो. आपल्या केंद्रांमधून वस्तू विकायला ठेवतो त्या प्रत्येक वस्तूवर करणाऱ्या बाईचं नाव, तिला हवं असेल तर, आणि कामाला लागलेले तास अशी चिठ्ठी लावायची. तास लिहायला बसलात की पहिल्यांदा त्या बाईलाच धक्का बसेल. दुसरं, प्रत्येक तालुक्यातल्या मैत्रिणींनी घरी नगावर शिवणकाम, भरतकाम, कताई करणाऱ्या निदान दहा बायकांशी बोलून दर, तास, खर्च आणि पैसे मिळायला होणारा उशीर यांची नोंद आणायची. पुढच्या मेळाव्यात त्या नोंदी एकत्र मांडू आणि कामगार खात्याकडे जायचं निवेदन त्यांच्या आधारावर तयार करू. नोंदीची वही कशी आखायची ते भाषणानंतर मी दाखवते. ज्यांना हे काम घ्यायचं आहे त्यांनी थांबावं.